गिटारचे लाकूड : नाव, गुण आणि नाद

अकूस्टिक गिटार म्हणजे विजेची मदत न घेता केवळ लाकडी पेटीच्या बळावर आवाज देणारी गिटार, आणि अशा गिटारची प्रत तिच्या लाकडावरून ठरवण्याची रीत वाद्यबाजारात इतकी मुरलेली आहे की किंमतपत्रकात घडवणाऱ्याच्या नावाखालोखाल उल्लेख येतो तो लाकडाचाच. रोझवूडचा आवाज खोल आणि गुंजत राहणारा, महोगनीचा कोरडा पण मधल्या पट्टीत भरीव, मेपलचा स्वच्छ आणि लवकर विरणारा, अशी वर्णने वादक, विक्रेते आणि संगीतविषयक नियतकालिके गेली कित्येक दशके जवळपास त्याच शब्दांत करत आली आहेत. ही वर्णने सरसकट खोटी म्हणता येत नाहीत; परंतु त्यांत तीन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. लाकडाच्या भौतिक गुणांचा नादावर परिणाम होतो का, हा पहिला. ते गुण झाडाच्या जातीवरून खात्रीने सांगता येतात का, हा दुसरा. आणि गिटारच्या सर्व भागांतील लाकडाला सारखेच महत्त्व द्यावे का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, दुसऱ्याचे बरेचसे नकारार्थी, आणि तिसऱ्याच्या बाबतीत आजवरचा पुरावा असे सुचवतो की ज्या लाकडासाठी ग्राहक सर्वाधिक पैसे मोजतो, त्याच लाकडाचा नादातील वाटा बहुधा सर्वांत लहान असतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी वाद्याची रचना आधी पाहावी लागते. तार बारीक असल्यामुळे ती स्वतः फारच थोडी हवा हलवते, आणि म्हणून तिचे कंपन एखाद्या रुंद, हलक्या पृष्ठभागाकडे सोपवावे लागते. हे काम घोडी करते, म्हणजे पेटीवर चिकटवलेली ती पट्टी जिच्यावर तारा टेकतात. घोडीखालची पातळ फळी तारेबरोबर थरथरते आणि आवाज मुख्यतः तिच्यापासून निघतो. मिरजेचे कारागीर सतारीच्या या फळीला तबली म्हणतात, आणि गिटारच्या संदर्भातही हा शब्द चपखल बसत असल्याने पुढे तोच वापरला आहे. पेटीचा मागचा भाग ती पाठ, आणि तबली व पाठ यांना जोडणाऱ्या, वाफेवर किंवा तापलेल्या लोखंडावर वाकवलेल्या पट्ट्या त्या बाजू. तबली, पेटीत कोंडलेली हवा आणि पाठ या तिघांचे अनुनाद, म्हणजे ज्या कंपनसंख्येला ती आपोआप जोराने हलतात ते बिंदू, एकमेकांत गुंतलेले असतात. मोठ्या पेटीच्या, पोलादी तारांच्या गिटारमध्ये हवेचा अनुनाद १०० हर्ट्झच्या आसपास आणि तबलीचा पहिला मोठा अनुनाद २०० हर्ट्झच्या जवळपास असतो, तर सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. गिटारचा खर्ज भरीव वाटतो की पोकळ, हे या दोन अनुनादांच्या जागेवर आणि जोरावर बरेचसे ठरते, आणि त्या जागा पेटीचा आकार, नादछिद्राचा व्यास, तबलीची जाडी व आतल्या आधारपट्ट्या यांवर अवलंबून असल्यामुळे लाकडाची निवड ही या हिशेबातली अनेक रकमांपैकी एक ठरते.

तबलीच्या लाकडाकडून अपेक्षा परस्परविरोधी असतात. पोलादी तारांच्या हलक्या संचाचा एकूण ताण सुमारे ७० ते ७५ किलो वजनाइतका असतो, नायलॉनच्या तारांचा त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक, आणि हा ताण जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीने वर्षानुवर्षे पेलायचा असतो. त्याच वेळी ती फळी इतकी हलकी हवी की तारेच्या तुटपुंज्या शक्तीनेही ती हलली पाहिजे. म्हणजे ताठरपणा भरपूर आणि वजन कमी, अशी जोडी शोधावी लागते. ही जोडी मोजण्याचे एक माप असे, की लाकडातून ध्वनी ज्या वेगाने जातो त्या वेगाला लाकडाच्या घनतेने भागायचे; या भागाकाराला ध्वनिउत्सर्जन गुणांक म्हणता येईल. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडात रेषांच्या दिशेने ध्वनीचा वेग सेकंदाला ५,००० मीटरच्या वर, म्हणजे पोलादातील वेगाच्या तोडीचा असतो, आणि घनता मात्र घनमीटरला ४०० ते ४५० किलो, म्हणजे पोलादाच्या सुमारे अठराव्या हिश्शाइतकी. त्यामुळे स्प्रूसचा हा गुणांक बाराच्या घरात जातो, तर घनमीटरला ८०० किलोहून जड असलेल्या शिसवाचा पाचाच्या आसपास रेंगाळतो. युरोपातील व्हायोलिनपासून पियानोच्या नादफलकापर्यंत सर्वत्र स्प्रूसच का, या प्रश्नाचे उत्तर परंपरेइतकेच या भागाकारात आहे.

दुसरा गुण लाकडाच्या दिशाभेदाचा. सूचिपर्णी लाकूड रेषांच्या दिशेने जितके ताठ असते त्याच्या दहाव्या किंवा त्याहूनही लहान हिश्शाइतकेच ते आडव्या दिशेने ताठ असते, आणि ही आडवी ताठरता फळी कशी चिरली यावर कमालीची अवलंबून असते. ओंडका त्रिज्येच्या दिशेने चिरला, म्हणजे वाढवलये फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभी राहिली, तर आडवी ताठरता सर्वाधिक मिळते; वलये तिरकी झाली की ती झपाट्याने कोसळते, आणि कोन पंचेचाळीस अंशांपर्यंत गेला तर उत्तम जातीचे लाकूडही तबलीसाठी जवळजवळ निकामी होते. नीट चिरलेल्या फळीवर रेषांना आडव्या, रेशमासारख्या चमकदार लहरी दिसतात, त्या खोडाच्या मध्यापासून बाहेर जाणाऱ्या मज्जाकिरणांच्या. याशिवाय झाड वाढताना पिळले गेले असेल तर तंतू फळीच्या पृष्ठभागाला समांतर न राहता आत घुसतात; एकच फळी पुस्तकाच्या पानांसारखी उघडून दोन भाग शेजारी जोडलेले असल्यामुळे अशा तबलीचा एक अर्धा उजेडात उजळ आणि दुसरा काळपट दिसतो, आणि गिटार फिरवली की छटा उलट होते. दुकानात हातात घेतलेल्या गिटारवर एवढी एक खूण पाहणे हे तिच्या लेबलवरील झाडाचे नाव वाचण्याहून अधिक उपयोगाचे आहे. वाढवलये जितकी दाट तितके लाकूड चांगले, हा समज मात्र फारसा टिकत नाही. बेताच्या अंतराच्या वलयांची फळीही उत्तम ताठ असू शकते, आणि दाट वलयांकडे असलेला ओढा मुख्यतः डोळ्यांचा आहे.

स्प्रूसच्या जातींमध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर आणि अलास्कात वाढणारा सिट्का स्प्रूस आज सर्वाधिक वापरात आहे. त्याआधी अमेरिकी गिटारवर ईशान्येकडील ॲडिरॉन्डॅक प्रदेशाच्या नावाने ओळखला जाणारा तांबडा स्प्रूस असे. बेसुमार तोडीमुळे त्याची मोठी झाडे दुर्मीळ झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीने सिट्काकडे मोर्चा वळवला. युद्धपूर्व मार्टिन गिटारींची जी ख्याती आहे तिच्यात या लाकडाचा वाटा किती, हलक्या आधारपट्ट्यांचा किती आणि वाद्याच्या वयाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, कारण तिन्ही गोष्टी एकाच वाद्यात एकत्र येतात. नायलॉनच्या तारांच्या गिटारमध्ये पाश्चात्त्य तांबडा सीडर हे दुसरे महत्त्वाचे लाकूड. माद्रिदचे गिटारकार होसे रामिरेझ तिसरे यांनी १९६० च्या दशकात ते रूढ केले. हिमालयातील देवदाराशी त्याचे नाते नावापुरतेच, कारण वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या ते सायप्रसच्या कुळातले आहे. सीडर स्प्रूसपेक्षा हलका, मऊ आणि कमी ताठ असतो, त्याची तबली किंचित जाड ठेवावी लागते, आणि नवीन वाद्यही पहिल्या दिवसापासून मोकळे बोलते, असा वादकांचा अनुभव आहे. नखाचा ओरखडा मात्र त्यावर लगेच उमटतो.

जातींच्या या तुलनेत एक अडचण अशी की एकाच जातीच्या, किंबहुना एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्यांमध्येही घनता आणि ताठरता यांत लक्षणीय तफावत असते, आणि एका जातीची सरासरी व दुसऱ्या जातीची सरासरी यांतले अंतर त्या तफावतीत सहज बुडून जाते. कुशल कारागीर ही तफावत जाडीने भरून काढतो. फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. या नियमाचा व्यवहारातला अर्थ असा की, एखादी फळी दुसरीपेक्षा दहा टक्क्यांनी लवचीक निघाली, तर २.८ मिलिमीटरऐवजी २.९ मिलिमीटर जाडी ठेवली की दोघींचा ताठरपणा जुळतो. फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे रंध्याच्या एक-दोन हातांचा. उरतो तो वजनाचा फरक, आणि म्हणूनच तबलीसाठी फळ्या निवडताना सर्वांत निर्णायक गुण घनता ठरतो, कारण जडपणा रंध्याने पूर्णपणे काढता येत नाही. बोटाने टकटक करून फळीचा स्वर ऐकणारा जुना कारागीर आणि वजनकाटा, मोजपट्टी व कंपनमापक घेऊन बसणारा आजचा कारागीर हे दोघेही घनता आणि ताठरपणा या दोन राशींचाच अंदाज घेत असतात. कारखान्यात मात्र हजारो तबल्या यंत्रावर एकाच ठरावीक जाडीला घासल्या जातात, आणि त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत जो आवाजाचा फरक ऐकू येतो तो लाकडाचा कमी आणि लाकडाकडे दुर्लक्ष केल्याचा अधिक असतो, असे म्हणायला हरकत नाही.

आधारपट्ट्यांबद्दल इथे एवढेच पुरे की स्पेनमध्ये अल्मेरियाच्या आन्तोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी पंख्यासारख्या पसरणाऱ्या सात पट्ट्यांची रचना परिपक्व केली आणि अमेरिकेत १८४० च्या दशकात मार्टिनच्या गिटारींत फुलीच्या आकाराची रचना आली. तबलीचा नाद या पट्ट्या कशा तासल्या यावर इतका अवलंबून असतो की त्यांचा विचार न करता तबलीच्या जातीबद्दल बोलणे अपुरे ठरते.

पाठ आणि बाजू यांचा प्रश्न याहून वादग्रस्त आहे, आणि तो पहिल्यांदा ठळकपणे मांडला तो याच तोरेस यांनी, तेही लेख लिहून नव्हे तर वाद्य घडवून. १८६२ साली त्यांनी स्प्रूसची तबली असलेली एक गिटार बनवली, जिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या होत्या. नाद तबलीत असतो, हे त्यांना दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. एका वाद्याने सिद्धान्त सिद्ध होत नाही हे खरे, परंतु आधुनिक गिटारचा जनक मानल्या गेलेल्या कारागिराने पाठीच्या लाकडाला एवढे गौण स्थान द्यावे, ही गोष्ट नंतरच्या शतकात रोझवूडभोवती जमलेल्या वलयाशी ताडून पाहण्यासारखी आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९९५ मध्ये, कॅलिफोर्नियातील गिटार उत्पादक बॉब टेलर यांनी मालवाहतुकीच्या टाकाऊ लाकडी चौकटीतील ओकच्या फळ्यांपासून गिटार बनवून व्यापारी प्रदर्शनात मांडली, ती याच भूमिकेचा उच्चार होती. मात्र त्यामागे प्रसिद्धीचाही हिशेब होता, हे नमूद केले पाहिजे.

शास्त्रीय कसोटीवर हा प्रश्न घेतला गेला तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाचे सॅम्युएले कार्कान्यो व ख्रिस्तोफर प्लॅक, केंब्रिजचे ध्वनिअभियंते जिम वुडहाऊस, व्हायोलिनवरील तशाच प्रयोगांमुळे ठाऊक असलेल्या फ्रान्सच्या क्लॉडिया फ्रिट्झ आणि गिटारकार रॉजर बकनॉल यांनी मिळून तो केला. बकनॉल यांनी सहा गिटारी घडवल्या, ज्या शक्य तितक्या एकसारख्या होत्या आणि केवळ पाठ व बाजू यांच्या लाकडात भिन्न होत्या : ब्राझिली रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोड. यांतील पहिले लाकूड अतिशय महाग आणि दुर्मीळ, तर आफ्रिकेतून येणारे सापेले तुलनेने स्वस्त. बावन्न गिटारवादकांनी मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंग करणारे लावतात तसले काळे चष्मे चढवून, या गिटारी वाजवल्या आणि आवाजाची प्रत व वाजवण्यातील सुलभता यांना गुण दिले. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखे होते. काही वादकांची वेगळी चाचणीही घेण्यात आली, जिच्यात दोन गिटारी वाजवून झाल्यावर तिसऱ्यांदा हातात आलेली गिटार त्या दोहोंपैकी कोणती हे ओळखायचे होते, आणि तिथेही अचूकता फार कमी निघाली. यंत्राने मोजलेले फरक होते, पण ते खालच्या पट्टीतील काही अनुनादांच्या जागा थोड्या सरकण्यापुरते.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सर्व गिटारी एकाच कारागिराच्या, एकाच घाटाच्या आणि पोलादी तारांच्या होत्या, प्रत्येक लाकडाचा नमुना एकेकच होता, आणि पाठ जाणीवपूर्वक पातळ व कंपनशील ठेवणाऱ्या काही गिटारकारांच्या वाद्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय वादक वाजवत असताना पाठ त्याच्या पोटाला टेकलेली असते, त्यामुळे तिचे कंपन बरेचसे तिथेच जिरते. उभे राहून वाद्य अंगापासून दूर धरणाऱ्या वादकाच्या बाबतीत चित्र थोडे बदलू शकते. तरीही ज्या फरकाबद्दल विक्रेते परिच्छेद खर्च करतात तो फरक डोळे झाकलेल्या अनुभवी वादकाला सापडू नये, यावरून तो फरक फार तर सूक्ष्म आहे एवढे नक्की म्हणता येते. पाठीच्या लाकडाचा भौतिक परिणाम मुख्यतः तिच्या वजनाचा आणि अवमंदनाचा, म्हणजे कंपन किती लवकर जिरते याचा असतो. रोझवूडमध्ये अवमंदन कमी असते, फळी टकटकवली की ती घंटेसारखी वाजते, आणि ही घंटा ऐकून ग्राहकाचा विश्वास बसतो. परंतु पेटीत सर्व कडांनी चिकटवल्यावर, आडव्या पट्ट्या बसवल्यावर आणि रोगण चढवल्यावर त्या घंटेतले फारच थोडे शिल्लक राहते.

मग रोझवूडची कीर्ती आली कुठून? तिचे मूळ ध्वनिशास्त्रापेक्षा व्यापारात आणि कारागिरीच्या अर्थकारणात शोधावे लागते. ब्राझिली रोझवूड दिसायला देखणे, घडवल्यावर न वळणारे आणि फर्निचरवाल्यांमुळे युरोप-अमेरिकेच्या बंदरांत आधीपासून उपलब्ध असलेले लाकूड होते, म्हणून ते महागड्या वाद्यांकडे गेले. आणि एकदा ते महागड्या वाद्यांवर रुळल्यावर उत्तम तबल्या, उत्तम कारागीर आणि अधिक वेळ हे सारे त्याच वाद्यांच्या वाट्याला येऊ लागले. अशा गिटारी खरोखरच चांगल्या वाजत, आणि श्रेय पाठीला मिळत असे. स्पेनमधील फ्लामेंको गिटारचा इतिहास याच्या उलट बाजूने तेच सांगतो. गरीब वादकांना परवडणारे स्थानिक सायप्रसचे फिकट, हलके लाकूड तिच्या पाठीला वापरले गेले, तबली पातळ आणि तारा खाली ठेवल्या गेल्या, आणि त्यातून मिळालेला कोरडा, झटकन उठून झटकन विरणारा आवाज हीच पुढे त्या शैलीची ओळख झाली, इतकी की आज महागातली फ्लामेंको गिटारही सायप्रसचीच मागितली जाते. किमतीने ठरवलेली निवड कालांतराने अभिरुची बनते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने अखंड ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि मार्टिनने १९६९ मध्ये आपल्या डी-२८ सारख्या मॉडेलांसाठी भारतीय रोझवूड स्वीकारले. महाराष्ट्राच्या वाचकाला हे झाड परके नाही : ते सह्याद्रीत आणि दक्षिणेकडील निलगिरीपर्यंतच्या डोंगरांत वाढणारे शिसव, ज्याच्या जांभळट काळ्या लाकडाचे पलंग आणि देव्हारे जुन्या घरांतून अजूनही आहेत. उत्तरेकडचा शिसू किंवा शिसम हा त्याचा भाऊबंद, पण निराळी जात. फर्निचरच्या दुकानांत दोन्ही एकाच नावाने खपतात. गिटारसाठी जाणारे बरेचसे भारतीय लाकूड घनदाट रानातले नसून कॉफी-चहाच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेल्या झाडांचे आहे. सरळ रेषांचे, रुंद, एकरंगी असे हे लाकूड कारखान्याला ब्राझिली लाकडापेक्षा सोयीचे पडले, कारण ब्राझिली फळ्यांना तडे जाण्याची खोड होती. बाजाराने मात्र १९६९ पूर्वीच्या गिटारींना अधिकाधिक किंमत द्यायला सुरुवात केली, आणि जे लाकूड मिळेनासे झाले त्याचा आवाज स्मृतीत आणखी गोड होत गेला.

पुढचा टप्पा कायद्याचा आहे. दुर्मीळ जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा साइट्स हा करार आहे. त्याने १९९२ मध्ये ब्राझिली रोझवूडला सर्वांत कडक यादीत टाकले, आणि २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीचा व्यापार परवान्याच्या कक्षेत आला. त्यामुळे एखादा वादक गिटार घेऊन सीमा ओलांडतो की विकायला पाठवतो, अशा प्रश्नांनी सीमाशुल्क कचेऱ्या आणि छोटे कारागीर दोघेही दोन-तीन वर्षे हैराण झाले, आणि अखेर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना यातून सूट मिळाली; ब्राझिली रोझवूड मात्र तसेच बंदिस्त राहिले. शिसवाची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत असुरक्षित जात म्हणून आहे, त्यामुळे हा विषय निव्वळ कागदोपत्री नाही. भारतीय कायदा अर्धवट कापलेल्या लाकडाच्या निर्यातीला मज्जाव करतो आणि तयार वस्तूंना मोकळीक देतो. आता मानेवर चिकटवायची, पण अजून पडदे न बसवलेली पट्टी ही तयार वस्तू की नुसते कापलेले लाकूड? ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर छापे घातले तेव्हा वाद नेमका या पट्ट्यांवर आला, कारण परदेशी कायदा मोडून आलेले लाकूड बाळगणे हा २००८ मध्ये दुरुस्त झालेल्या तिथल्या लेसी कायद्यानुसार गुन्हा ठरतो. २०१२ मध्ये तडजोड झाली, कंपनीने मादागास्करच्या एबनीच्या प्रकरणात तीन लाख डॉलरचा दंड भरला, आणि भारतीय नियमाचा अर्थ संदिग्ध असल्याचे मान्य होऊन जप्त केलेल्या भारतीय पट्ट्यांवरील हरकत मागे पडली.

मान, पट्टी आणि घोडी यांच्या लाकडाकडून ताठपणा आणि झिजेला विरोध यांपलीकडे फार मागणी नसते. मान सहसा महोगनीची, पट्टी एबनी किंवा रोझवूडची. एबनी पूर्ण काळेच हवे, या हट्टापायी कॅमेरूनच्या जंगलात तोडलेली कित्येक झाडे गाभा पट्टेदार निघाला म्हणून तिथेच टाकून दिली जात, आणि २०११ मध्ये तिथल्या गिरणीत भागीदार झालेल्या बॉब टेलर यांच्या कंपनीने पट्टेदार एबनी वापरायला आणि ग्राहकांना ते पटवायला सुरुवात केली. लाकडाच्या या पट्टेदार रंगाचा आवाजाशी काही संबंध नसल्याने ही सुधारणा पंचवीस-पन्नास वर्षे आधी व्हायला हरकत नव्हती.

पाठीच्या प्रश्नाला जोड देणारे एक उदाहरण घरचेच आहे. मिरजेतील सतारीची दांडी आणि तबली तुणाची असते. तूण हे महोगनीच्याच कुळातले झाड, आणि स्पॅनिश गिटारची मान ज्या सेड्रेला नावाच्या सुवासिक लाकडाची करतात त्याचा ते इतका निकटचा आप्त आहे की एके काळी वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकाच प्रजातीत धरत. सतारीची पाठ मात्र लाकडाची नसतेच. ती पंढरपूरच्या परिसरात पिकणाऱ्या, वाळवलेल्या भोपळ्याची असते. सतारीची घोडी रुंद आणि जवारी काढलेली, म्हणजे तार तिला घासत राहील असा बारीक उतार दिलेली, असल्यामुळे तिचे ध्वनिशास्त्र गिटारहून वेगळे आहे, आणि म्हणून या उदाहरणावर फार भार टाकता येत नाही; परंतु पेटीच्या मागच्या भागाला लाकूडच हवे असा नियम नाही, हे या वाद्याने कधीच गृहीत धरले आहे.

प्लायवूड, म्हणजे आडवे-उभे थर चिकटवून केलेली फळी, आणि अखंड लाकूड यांतला भेद याच विचाराने तोलायला हवा. तबली प्लायवूडची असेल तर तोटा खरा आहे : आडव्या थरामुळे लाकडाचा दिशाभेद पुसला जातो, सरसाचे वजन वाढते, आणि ताठरपणा व हलकेपणा यांची जी जोडी स्प्रूसमुळे मिळते ती हातची जाते. पाठ आणि बाजू प्लायवूडच्या असतील तर तोटा किरकोळ, आणि दमट हवेत उलट फायदाच. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. स्प्रूसच्या चाळीस सेंटिमीटर रुंद, मोकळ्या फळीतला ओलावा एक टक्क्याने वाढला तर तिची रुंदी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढते. बहुतेक कारखाने ४५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत गिटारी जोडतात, तर मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या पुढे असते. तबलीच्या कडा बाजूंना जखडलेल्या असल्याने वाढलेली रुंदी बाहेर पडू शकत नाही, ती तबलीचे पोट वर काढते, घोडी उचलली जाते, तारा पट्टीपासून दूर जातात आणि वाजवताना बोटे दुखू लागतात. शिवाय ओले लाकूड जड आणि अधिक अवमंदन करणारे असल्यामुळे आवाज बसल्यासारखा होतो. नवी गिटार काही वर्षांत मोकळी होते असे जे म्हणतात त्याचा एक भाग लाकडातील घटक वयानुसार बदलण्याचा आहे, आणि तो बदल लवकर घडवण्यासाठी काही उत्पादक तबलीच्या फळ्या प्राणवायू रोखून दोनशे अंशांच्या आसपास भाजतात. अशी फळी ओलावा कमी शोषते, मात्र ती ठिसूळही होते. किनारपट्टीवरच्या वादकाने अखंड स्प्रूसची तबली, प्लायवूडची पाठ आणि आर्द्रतामापक ठेवलेली बंद पेटी यांवर खर्च केला, तर त्याच पैशात घेतलेल्या, पण तबलीवर काटकसर केलेल्या रोझवूडच्या गिटारपेक्षा त्याच्या हाती अधिक आवाज राहतो, आणि ऑगस्टमध्येही तो बराचसा तसाच राहतो.